सीपॅपचा मास्क झोपून बघू देणाऱ्या दुकानातूनच घ्या

झोपेत श्वास अडणाऱ्यांना लावतात ते सीपॅप मशीन भाड्यानं आणून मी ते परत करायला निघाले होते. मशीनबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती मास्कची, आणि त्याहून जास्त तो मास्क ज्या घाईनं माझ्या गळ्यात मारला गेला त्याची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या लोकांना डॉक्टरांनी हे मशीन सांगितलंय आणि जे वैतागून ते माळ्यावर टाकायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय. माझा दोन दुकानांशी संबंध आला. नावं देत नाही, पण चांगलं दुकान कसं ओळखायचं ते वाचून कळेल.

मी चोपड्यात राहते, तालुक्यातल्याच एका शाळेवर शिक्षिका आहे, वय बावन्न. बाई घोरते हे आपल्याकडे कोणी बोलून दाखवत नाही. पुरुष घोरला तर घरभर थट्टा होते, बाई घोरली तर घरातले गप्प बसतात. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंडाला कोरड, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, बीपीची एक गोळी होती तिच्या दोन झालेल्या. पाळी जायचं वय आहे, थायरॉइड बघा, शाळा आणि घर मिळून दगदग होते, अशी कारणं सगळ्यांच्या तोंडी तयार होती. पाळी गेल्यावर बायकांमध्ये स्लीप अ‍ॅप्नियाचं म्हणजे झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण वाढतं, हे मला जळगावच्या छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

मला खरी भीती बसली ती गाडीवर. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचे ट्रक कसे जातात ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दुपारी शाळेतून स्कूटीवर परत येताना डोळे मिटायला लागायचे. ऊन्हाची ग्लानी वेगळी आणि ही वेगळी. ही येते तेव्हा कळतच नाही. एकदा भानावर आले तेव्हा गाडी साइडपट्टीवर उतरलेली होती. त्या आठवड्यात मी तपासणी करून घेतली.

तपासणी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा, आणि रात्रभर झोपायचं. रिपोर्टात एएचआय नावाचा आकडा असतो. झोपेत तासाला किती वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा उथळ झाला, त्याचा तो हिशोब. ५ च्या आत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा ३४ आला. ऑक्सिजन ७८ पर्यंत उतरलेला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा भाग मिळून श्वासाची वाट बुजवतात, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो आणि सकाळी त्यातलं काहीही आठवत नाही. सीपॅप मशीन खोलीतलीच हवा ओढून दाबानं आत सोडतं आणि ती वाट उघडी धरतं. यात वेगळा ऑक्सिजन दिला जात नाही. हे मुद्दाम लिहिलं, कारण कोविडपासून नळी लावलेलं माणूस दिसलं की शेजारीपाजारी कुजबुज सुरू होते.

पहिलं दुकान. फोनवर बोलणं गोड, भाडं महिन्याला चार हजार, डिपॉझिट दहा हजार, मशीन घरपोच. एक मुलगा मोटरसायकलवर आला, सोफ्यावर बसवून माझ्या तोंडाला मास्क लावला, मागचे पट्टे खेचले, बटण दाबलं. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, मीडियम साइजचा मास्क. मी विचारलं, "हा मला मोठा होत नाहीये का?" तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना हाच बसतो." पावतीवर सही घेतली आणि चहासुद्धा न घेता गेला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हाई काय बांधं व तोंडले?" मी समजावलं, त्यांनी मान हलवली, पण त्या रात्री दोनदा उठून त्या माझा श्वास चालतोय का बघून गेल्या.

आता त्रास कसा होता ते नीट सांगते, कारण ज्यांना होतो त्यांना वाटतं की आपलंच काहीतरी चुकतंय. मास्कची खालची कड माझ्या ओठांच्या कोपऱ्यांच्या बरीच बाहेर जायची आणि वरून हवा थेट डोळ्यांत यायची. सकाळी डोळे लाल. पट्टे आवळले की नाकाच्या हाडावर वळ उठायचा आणि कूस बदलली की पुन्हा फुर्रर्र आवाज. वर्गातली मुलं विचारायची, बाई, नाकाला काय लागलं? सुरुवातीला मशीन अगदी कमी दाबावर चालायचं, तेव्हा हवा पुरत नाही असं वाटून जीव घाबरा व्हायचा. मध्यरात्री दाब इतका चढायचा की पोटात हवा जायची. परिपाठाला उभं राहिलं की पोट फुगलेलं आणि ढेकर थांबत नाहीत. रात्री कधीतरी झोपेतच मास्क काढून टाकलेला असायचा आणि पहाटे उशीखाली गरगरत असलेली नळी सापडायची. दुकानाला फोन केला की "सवय होईल मॅडम." मास्क बदलून मागितला तर "वापरलेला परत घेत नाही." हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, तोंडाला लावलेली वस्तू दुसऱ्याला कशी देणार? पण मग देण्याआधी माप घ्यायला नको? मास्क बनवणाऱ्या कंपन्या मापाचा कागदी साचा देतात, तो छापून नाकाशी धरला की साइज कळतो. हे मला पुढे दुसऱ्या दुकानात दिसलं.

दीडेक महिना असा काढला. आमच्या यांचं म्हणणं पडलं की झोप लागावी म्हणून जे घ्यायचं त्यानंच झोप उडत असेल तर परत देऊन टाक. मलाही ते पटलं होतं. गाडीच्या त्या प्रसंगामुळे फक्त एक केलं, परत देण्याआधी मशीनमधलं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे गेले.

ही गोष्ट प्रत्येकानं करावी. मशीन रोजचं सगळं लिहून ठेवतं: किती तास लावलं, हवा किती गळाली, मशीन लावूनही श्वास किती वेळा अडला, दाब किती लागला. डॉक्टरांनी ते संगणकावर उघडलं. रात्रीचा वापर सरासरी अडीच तासांच्या आसपास, गळतीची रेघ सतत वर, आणि मशीन लावूनही एएचआय ११. शिवाय दुकानदारानं दाब ४ ते २० असा मोकळा सोडलेला होता, म्हणजे कंपनीतून येतो तसाच. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हे मशीन तुम्ही अजून वापरलंच नाहीये. हवा बाहेर जातेय आणि मशीन दाब वाढवत बसलंय." त्यांनी दाब ७ ते १३ करून दिला, श्वास सोडताना दाब थोडा उतरतो ती सोय चालू केली. खालचा आकडा वाढवल्यावर सुरुवातीची घुसमट गेली, वरचा बांधल्यावर पोटाचं फुगणं बरंच कमी झालं. हे आकडे माझे आहेत, ते बघून कुणी आपल्या मशीनला हात लावू नये. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना पहिल्या काही महिन्यांत सलग ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री किमान ४ तास वापर झाला का ते बघते, आणि आपल्याकडचे डॉक्टरही बऱ्याचदा तोच ४ तासांचा आकडा धरतात. माझ्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं की ४ तास म्हणजे पास होण्यापुरते, झोप जितकी तितका वापर हवा.

मास्कसाठी त्यांनी जळगावातलंच दुसरं दुकान सांगितलं. एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, पाटीही धड दिसत नाही. आत पडद्यामागे एक बेड, उशी, आणि उशाशी चालू मशीन. तिथली मुलगी पंचविशीची असेल. तिनं आधी मला खुर्चीवर बसवून विचारायला सुरुवात केली. कुठल्या कुशीवर झोपता? वेणी घालता की अंबाडा? नाक चोंदतं का? घरात कुणाला पेसमेकर आहे का? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चमकले, कारण सासूबाईंना आहे आणि त्या माझ्याच खोलीत झोपतात. काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाची बटणं असतात आणि ती पेसमेकरपासून लांब ठेवावी लागतात. मशीन वापरणाऱ्याच्याच नव्हे, जवळ झोपणाऱ्याच्याही. पहिल्या दुकानानं हे विचारलंच नव्हतं. माझ्याकडच्या मास्कला नेमकी तीच बटणं होती.

मग तिनं नाकाशी साचा धरला आणि स्मॉल असं लिहून घेतलं. मला वाटलं होतं ती नाकपुड्यांत बसणारा, सगळ्यात लहान प्रकार देईल. ती माझ्या चमकीकडे बघून म्हणाली, "ताई, हा नको. चमकीची फिरकी आतून टोचेल आणि त्या बाजूनं हवाही जाईल. नाकावरून बसणारा घेऊ, चमकी आत राहील." लग्नापासून नाकात असलेली चमकी मास्क निवडताना मोजली जाईल हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. ज्यानं बायकांचे चेहरे नीट पाहिलेत त्यालाच ते सुचतं.

मला झोपवलं, मशीन चालू केलं, माझा नेहमीचा रात्रीचा दाब लावला. आणि मग पट्टे ढिले केले. मी म्हटलं, ढिले? तर म्हणाली, आतली सिलिकॉनची गादी हवेनं फुगली पाहिजे, ती फुगूनच चेहऱ्याला चिकटते, आवळली की दबते आणि गळते. मास्क जरा पुढे ओढून तिनं परत टेकवला, मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, एकेक बोट आवळले. ओला तळवा माझ्या गालांजवळून, नाकाच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू फिरवला. डाव्या कुशीवर वळा म्हणाली, पुन्हा तळवा फिरवला, डावा पट्टा किंचित सोडला. उजव्या कुशीवर, परत तेच. वेणी डोक्याच्या वरच्या बाजूला पट्ट्यांच्या मधून काढून दिली, म्हणजे नळी आणि वेणी एकमेकींत अडकत नाहीत. मंगळसूत्र रात्री काढून ठेवा असं तिनं सांगितलं नाही, तर नळी खांद्यावरून न घेता डोक्यामागून घ्या म्हणाली. हे सगळं होईपर्यंत बाहेर दोन माणसं बसून होती, तिनं त्यांना थांबवून ठेवलं. मला तिथंच डुलकी लागली. मास्क साडेसहा हजारांचा, पहिल्या दुकानाच्या मास्कपेक्षा महाग नाही.

नाकावरचा मास्क चालायला नाक मोकळं पाहिजे. आमच्याकडे कापूस वेचून झाला की भाव यायची वाट बघत पुढच्या खोलीत भरून ठेवतात, तुमच्याकडेही असेल. त्याचा धुरळा माझं नाक बंद करायचा. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी स्प्रे दिला आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला लावलं, तेव्हा कुठे हा मास्क टिकला. त्या दिवसांत मशीनच्या मागचा पांढरा फिल्टर बघता बघता करडा होतो. कंपनी सांगते त्याच्या आधीच तो बदलावा लागतो, म्हणून चार-सहा जास्तीचे आणून ठेवा. मशीन कापसाच्या खोलीत तर अजिबात ठेवू नका.

पाण्याचं भांडं, म्हणजे ह्युमिडिफायर, यात आपल्या बोअरचं पाणी घातलं तर तळाला पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड वॉटर लागतं. चोपड्यात मला ते औषधाच्या दुकानात मिळेना, शेवटी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांनी ते जिथून मागवतात तिथून कॅन मिळवून दिला. त्यांना अवजारं निर्जंतुक करायला तेच लागतं. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो, हवा आधीच ओली, तेव्हा ओलावा अगदी कमीवर ठेवते. थंडीत उलटं. नळीतून गरम दमट हवा येते, बाहेर गारठा, मग नळीत पाणी जमून गुडगुडतं आणि नाकात थेंब येतो. त्यावर उपाय म्हणजे मशीन उशीच्या पातळीच्या खाली ठेवायचं आणि नळी गोधडीच्या आतून घ्यायची. ऐपत असेल तर गरम होणारी नळी वेगळी मिळते.

लाईट गेली तर? घरच्यांची सगळ्यात मोठी भीती ही. मास्कमध्ये गुदमरायला होत नाही. तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, मशीन बंद पडलं की ती उघडून बाहेरची हवा आत येते. नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. मी सासूबाईंसमोर मेन स्विच बंद करून दाखवलं, त्यानंतर त्या रात्री उठून बघायच्या थांबल्या. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालतं. जास्त वीज खातो तो पाणी तापवणारा भाग, म्हणून लाईट जाणार असं माहीत असेल त्या रात्री तो बंद ठेवला की बॅटरी बराच वेळ पुरते.

सोडून देऊन दुसरं काय करता येईल, हेही मी विचारलं होतं. दातांवर बसवून खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण असतं, ते सौम्य-मध्यम त्रासाला किंवा ज्यांना सीपॅप काही केल्या सहन होत नाही त्यांना देतात. माझ्या आकड्याला डॉक्टरांनी ते पहिली पसंती म्हणून दिलं नाही. ज्यांचं वजन खूप जास्त आहे त्यांना वजन उतरवल्यानं खरा फरक पडतो. टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली आहे, पण ते डॉक्टरांशी बोलूनच. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत नाकात घालायचा छोट्या पंख्याचा "मिनी सीपॅप" मिळतो, तो घेऊ नका, घसा उघडा ठेवण्याएवढा दाब तयार करण्याची ताकद त्यात नसते. आणि जुनं मशीन स्वस्तात घेत असाल तर मॉडेल तपासा. फिलिप्सनं जून २०२१ मध्ये आतल्या आवाज कमी करणाऱ्या फोमच्या कारणानं आपली बरीच मॉडेल्स परत मागवली होती, त्यातली यंत्रं हातोहात विकली जाऊ शकतात.

एक गोष्ट वाचून मला फार धीर आला होता. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी पहिल्यांदा या पद्धतीनं पाच रुग्णांवर उपचार केल्याचं प्रसिद्ध झालं. त्याआधी तीव्र त्रास असलेल्यांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करत. सुरुवातीचे मास्क तर चेहऱ्याला चिकटवावे लागत. त्या लोकांनी ते सहन केलं म्हणून आज मला साडेसहा हजारांत स्मॉल साइज मिळतो.

आता माझं कसं आहे? नवा मास्क आणि नवा दाब लागल्यावर पुढच्या कार्डावर एएचआय ३ च्या आत आला, गळतीची रेघ खाली बसली. रात्रीचं उठणं एकदावर आलं. बीपीची गोळी डॉक्टरांनी अजून कमी केलेली नाही. पहाटे चारनंतर मास्क नकोसा होतो, अशा रात्री अजून आहेत, सर्दीत तर हमखास. पण दुपारी स्कूटीवर डोळे मिटत नाहीत आणि मला तेवढ्यासाठीच हे हवं होतं. आखाजीला माहेरी जाताना मशीन बॅगेत घालून नेलं, भावजयीनं उशाशी एक्स्टेंशन बोर्ड लावून ठेवला होता.

मशीन मी शेवटी दुसऱ्या दुकानातून विकत घेतलं, बावन्न हजारांना. पण पहिला महिना भाड्यानंच घ्या, मास्क मात्र स्वतःचा. घेण्याआधी दुकानाला तीन प्रश्न विचारा. झोपून, माझ्या दाबावर मास्क लावून बघता येईल का? महिन्यानं कार्डातली माहिती काढून डॉक्टरांना कोण देणार? गादी आणि पट्टे सुटे मिळतात का? पहिल्यालाच "सगळ्यांना हाच बसतो" असं उत्तर आलं तर तिथून उठा, मग भाडं कितीही कमी असो.

दुसऱ्या दुकानाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की सुट्या पट्ट्यांसाठी चोपड्याहून जळगावला जावं लागतं, कुरिअरनं पाठवायची सोय त्यांनी अजून केलेली नाही. पहिल्या दुकानाला एक, तोही घरपोच आणून दिल्याबद्दल. मशीन परत केल्याला बरेच दिवस झाले तरी त्यांच्याकडून डिपॉझिटचे दहा हजार यायचे आहेत. पावतीवर "मशीन परत मिळाल्यावर किती दिवसांत" हे लिहिलेलंच नाही, तुम्ही ते सही करण्याआधी लिहून घ्या.